वाचकांचे प्रश्न : घरातली विजेची हत्यारे

घरच्या घरी ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर वापरणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. 'कोणते मशीन घ्यावे' या प्रकारची पत्रे पुढच्या वेळेसाठी ठेवली आहेत. सुरक्षिततेचे प्रश्न आधी घेतले, कारण त्यातल्या काही पत्रांत लिहिलेले काम आजच थांबवायला हवे असे आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात धातूच्या बॉडीचे ड्रिल मशीन आहे. चालते उत्तम, पण हातात धरले की झिणझिण्या येतात. रबरी चप्पल घातली की येत नाहीत. सॉकेट तीन पिनचे आहे, एमसीबीही नवीन बसवली आहे, ती कधी पडत नाही. मशीन वापरत राहावे का? (गुहागर)

उत्तर : नाही. प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत मशीन बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातून दोन दोष दिसतात. मशीनच्या आत कुठेतरी फेज बॉडीपर्यंत पोहोचते आहे, हा पहिला. तिला जमिनीत वाट करून देणारे अर्थिंग काम करत नाही, हा दुसरा. अर्थिंग नीट असते तर गळतीचा करंट तुमच्या हातातून न जाता तिसऱ्या वायरीतून गेला असता. चपलेमुळे झिणझिण्या थांबतात, करंट बॉडीवर असतोच. पावसाळ्यात चप्पल ओली झाली किंवा दुसरा हात नळाला लागला, की झिणझिण्यांच्या जागी मोठा झटका बसतो.

एमसीबी का पडत नाही, हे नीट समजून घ्या, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. एमसीबी असते वायरींच्या रक्षणासाठी. जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तरच ती पडते. ओल्या हाताने करंट लागला तर शरीरातून १०० ते २०० मिलिअँपिअर जाऊ शकतात. हृदयाची लय बिघडवायला तेवढे पुरेसे असतात. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने मात्र तो करंट नगण्य. ती तिच्या क्षमतेच्या ऐंशीव्या भागावर कशाला पडेल?

माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, यावर तिची नजर असते; फरक दिसला की ती पडते आणि वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्या. एका फेजच्या घराला दोन पोलची २५ किंवा ४० अँपिअरची पुरते. तिचे अँपिअर मेन एमसीबीपेक्षा कमी नसावेत. तिच्यावर आयएस १२६४० हा क्रमांक पाहून घ्या. वेग कमीजास्त करणारे इलेक्ट्रॉनिक खटके असलेली हत्यारे वापरत असाल तर 'एसी' प्रकारापेक्षा 'ए' प्रकारची बरी. बसवल्यावर 'टी' लिहिलेले बटण दाबा, ती लगेच पडली पाहिजे. पुढे दर तीन महिन्यांनी असेच दाबून पाहा. न पडणारी आरसीसीबी म्हणजे भिंतीवरचे शोभेचे प्लॅस्टिक.

तिच्या मर्यादाही लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर तिला काही कळत नाही. ती पडण्याआधी झटका जाणवतोच, फक्त लांबत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घरात इन्व्हर्टर असेल आणि आरसीसीबी त्याच्या आधी बसवली असेल, तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या सॉकेटना तिचे संरक्षण मिळत नाही. त्या सॉकेटवर हत्यार लावू नका, किंवा इन्व्हर्टरच्या पुढे वेगळी आरसीसीबी बसवून घ्या.

आता अर्थिंग. सॉकेट तीन पिनचे आहे म्हणून मागे अर्थिंगची वायर असेलच असे नाही. इलेक्ट्रिशियनला सॉकेट उघडायला सांगा. मागच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिना तुकडा वायर टाकून एकत्र जोडलेल्या दिसल्या, तर ते आधी तोडायला लावा. अशा जोडणीत न्यूट्रल कुठे तुटली की लावलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. नळाच्या पाइपला वायर बांधून केलेले अर्थिंगही उपयोगाचे नाही. मधला पाइप कधीतरी पीव्हीसीचा बदललेला असतो. अर्थिंग तपासायला फेज-अर्थ मध्ये नुसता मीटर धरून भागत नाही. मीटर भार घेत नाही, त्यामुळे अर्धवट तुटलेल्या अर्थिंगवरही तो २३० दाखवतो. अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या.

मशीनबद्दल शेवटचे. सध्याच्या बहुतेक ड्रिलना दोनच पिना असतात आणि नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते. ती दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे. त्या मशीनला अर्थिंग लागत नाही. जुन्या मशीनची गळती शोधून दुरुस्त करण्याइतकाच खर्च पुष्कळदा नव्या मशीनला येतो. आमचे मत नवे घ्यावे असेच आहे.

प्रश्न : चार इंची ग्राइंडरवर लाकूड कापायचे दातेरी ब्लेड लावून प्लाय कापतो. पाच इंची डिस्क बसावी म्हणून गार्ड काढला आहे. बाजारात सगळे असेच करतात. यात खरेच धोका आहे का? (चाकण)

उत्तर : आहे, आणि या पानावरच्या सगळ्या प्रश्नांमध्ये सर्वात मोठा तुमचाच आहे. दोन्ही गोष्टी आजपासून बंद करा.

चार इंची, म्हणजे १०० मिमीचा ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. डिस्कच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. लोखंडासाठीची डिस्क घासून कापते. दातेरी ब्लेड लाकडात चावे घेत जाते. लाकडातली गाठ, आत राहिलेला खिळा किंवा कापाची बंद होणारी फट यात दाता अडकला, की ब्लेड थांबते आणि त्याची सगळी ताकद मशीनला उलटे फेकण्यात जाते. हे इतक्या झटपट होते की खटका सोडायला वेळच मिळत नाही. मशीन मांडी, पोट किंवा मानेकडे येते. लाकडाच्या सर्क्युलर सॉला खाली रुंद तळपट्टी असते, ब्लेडवर आपोआप झाकणारा गार्ड असतो आणि फेरे साधारण निम्मे असतात. ग्राइंडरवर यातले काही नाही. प्लाय कापायला सर्क्युलर सॉ घ्या, नक्षी किंवा वळण कापायला जिगसॉ. ग्राइंडरवर साखळीचे दाते असलेली चकतीही मिळते, तीही घेऊ नका.

गार्डचे काम दोन प्रकारचे आहे. तो हाताला डिस्क लागू देत नाही, आणि डिस्क फुटली तर तुकडे तुमच्याकडे येऊ देत नाही. पाच इंची डिस्क बसवायला गार्ड काढावा लागतो, म्हणजे ती डिस्क त्या मशीनची नाहीच. मधले भोकही जुळत नाही. १०० मिमीच्या डिस्कचे भोक १६ मिमी असते, १२५ मिमीचे २२.२३ मिमी. मग मध्ये बुश घालून काम भागवले जाते, डिस्क किंचित एका बाजूला बसते आणि थरथरते. थरथरणारी डिस्क फुटते.

विकत घेतलेली डिस्क बसवण्याआधी एकदा वाचून काढा, सगळे तिच्यावरच लिहिलेले असते. तिचे कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. १०० मिमीच्या चांगल्या डिस्कवर १५,००० च्या पुढचा आकडा आणि ८० मीटर प्रतिसेकंद असे छापलेले असते. मध्यभागी धातूचे कडे असते, त्यावर 'व्ही' अक्षर, महिना आणि वर्ष बारीक अक्षरांत उमटवलेले असते. ती वापराची मुदत, तयार झाल्यापासून ३ वर्षांची. डिस्कमधली डिंकासारखी राळ हवेतला दमटपणा ओढून कमकुवत होते, म्हणून मुदत आहे. कोकणात आणि मुंबईत उघड्या फळीवर ठेवलेल्या डिस्क मुदतीआधीच खराब होतात. बंद डब्यात, सपाट ठेवा. खाली पडलेली, कडेला टवका गेलेली, भिजलेली डिस्क फेकून द्या. फेकण्याआधी मोडा, नाहीतर दुसरा कोणी उचलून लावेल.

बसवताना क्रम असा ठेवा. प्लग काढा. खालचा फ्लँज (डिस्क जिच्यावर टेकते ती धातूची चकती) आणि नट फडक्याने पुसा, त्यावर चिकटलेल्या चुऱ्यानेही डिस्क तिरकी बसते. डिस्क स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, सैल किंवा घट्ट न होता सहज बसली पाहिजे. स्पिंडलचे बटण दाबून नट पान्याने आवळा, हातोडीने ठोकू नका. गार्ड असा फिरवा की त्याची बंद बाजू तुमच्याकडे येईल. बाजूचा दांडा लावा. मग मशीन चेहऱ्यापासून दूर, डिस्कच्या रेषेच्या बाहेर धरून अर्धा-एक मिनिट रिकामे फिरवा. फुटायची डिस्क बहुधा याच वेळी फुटते.

कापताना डिस्क का अडकते, तेही सांगतो. समजा लोखंडी पाइप दोन विटांवर दोन टोकांना टेकवला आणि मधोमध कापायला घेतला. काप खोल गेला की पाइप मध्ये वाकतो, फट वरून बंद होते आणि डिस्क आवळली जाते. त्याऐवजी पाइप एका बाजूला शिकंजात धरा आणि कापून पडायचे टोक अधांतरी सोडा. वजनाने ते खाली झुकते आणि फट उघडत जाते. १ मिमीच्या कापायच्या डिस्कच्या सपाट बाजूने वेल्डिंग घासू नका, बाजूचा दाब तिला सोसत नाही. घासायला ६ मिमीची जाड डिस्क वेगळी मिळते. काम झाल्यावर खटका सोडला तरी डिस्क काही सेकंद फिरत राहते. ती थांबेपर्यंत मशीन हातातच ठेवा.

प्रश्न : कटर चालवताना मध्येच लाइट जाते. अशा वेळी काय करावे? (जालना)

उत्तर : पहिले काही सेकंद जागचे हलू नका. दिवाही गेलेला असतो आणि हातातले ब्लेड अजून फिरत असते. ते थांबल्याचा आवाज आला की खटका बंद करा, लॉक सोडवा आणि प्लग काढा. तिन्ही गोष्टी करा.

खरा अपघात लाइट येते तेव्हा होतो. ग्राइंडरच्या सरकत्या खटक्याला लॉक असते, मार्बल कटर आणि ड्रिललाही बटण दाबून खटका चालू ठेवता येतो. लाइट गेल्यावर माणूस मशीन जमिनीवर ठेवतो, चहा घेतो, लहान मूल जवळ येते. अर्ध्या तासाने लाइट आली की जमिनीवरचे मशीन स्वतःहून सुरू होते आणि धावत सुटते. काही ग्राइंडरमध्ये पुन्हा सुरू होणे रोखणारी सोय असते. ज्या गावात दिवसातून चारदा लाइट जाते तिथे थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्यावीत, असे आम्ही आग्रहाने सांगू. एरवी नियम एकच: ड्रिल आणि कटरचे लॉकचे बटण वापरूच नका, बोट खटक्यावरून उठले की मशीन थांबले पाहिजे.

काम करता त्या जागी बॅटरीचा एक दिवा लावून ठेवा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये टीव्ही आणि कपाट टांगायचे आहे. भिंतीतल्या वायरी आणि पाइप कसे चुकवायचे? (ठाणे)

उत्तर : बोर्ड पाहून वायरींचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे बहुतेक वायरी छताच्या पाइपातून येऊन भिंतीत सरळ खाली बोर्डापर्यंत उतरतात. दोन बोर्ड एका उंचीवर असतील तर त्यांच्यामध्ये आडवी ओळ असू शकते. म्हणून प्रत्येक बोर्ड, एसीचा पॉइंट, गीझरचा पॉइंट आणि भिंतीवरचा दिवा यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवे, दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरचा पट्टा सोडा. बाथरूमच्या भिंतीत नळ, शॉवर आणि गीझर यांना जोडणाऱ्या उभ्या-आडव्या रेषांवर, भिंतीच्या दोन्ही अंगांनी, भोक नको. नूतनीकरण झालेल्या घरात हा अंदाज चुकतो, कारण नंतर आलेला वायरमन जवळची वाट म्हणून तिरकी खाच पाडतो. तिथे भिंतीतल्या वायरी शोधणारा डिटेक्टर वापरा, पण ओल्या भिंतीत आणि सळ्यांजवळ तो फसतो हे धरून चाला.

त्याहून खात्रीचा उपाय असा. ज्या खोलीत भोक पाडायचे तिची एमसीबी बंद करा आणि ड्रिलला लाइट दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या एमसीबीवरून एक्स्टेन्शनने आणा. तरीही एखादी वायर चालू राहू शकते, म्हणून त्या खोलीतली सगळी सॉकेट टेस्टरने पाहून घ्या.

भोक किती खोल हवे ते मोजून घ्या. ६ मिमीच्या गट्टीला ६ मिमीचा बिट आणि ४० ते ४५ मिमी खोल भोक पुरते. बिटच्या टोकापासून तेवढे अंतर सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा, टेप भिंतीला टेकली की थांबा. घराच्या आतले प्लास्टर १२ ते १५ मिमी असते आणि वायरीचा पाइप त्याच्या लगेच मागे विटेत खाच पाडून बसवलेला असतो. म्हणजे तुमचा बिट त्याच्यापर्यंत नक्की पोहोचतो.

भोक पाडताना बिट पुढे सरकेनासा झाला आणि चुरा पांढरट-करडा निघू लागला, तर तुम्ही काँक्रीटमध्ये आहात. एकदम अडून टणटण आवाज आला तर सळईवर. जोर लावू नका. २५-३० मिमी बाजूला दुसरे भोक घ्या. कॉलम-बीमची सळई कापत जाणे घरासाठी वाईट, आणि सळईत अडकलेला बिट मनगट पिळवटतो. बाजूचा दांडा लावलेला असेल तर तो पिळा दोन हातांत वाटला जातो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर भोक मोठे होऊन गट्टी सैल पडते. टाइलवरही आधी हॅमरशिवाय, कागदी टेप चिकटवून सुरुवात करा; चकचकीत थर पार झाल्यावर मागे विटेत गेलात की हॅमर चालू करा.

आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे राहून डोक्यावरचे भोक पाडू नका. बिट अडकला की मशीन आधी तुम्हाला फिरवते.

वायरीला बिट लागलाच, ठिणगी दिसली किंवा एमसीबी पडली, तर बिट ओढून काढू नका आणि बिट पकडणाऱ्या धातूच्या चकला हात लावू नका. मेन बंद करा, ड्रिलचा प्लग काढा, मग बिट बाहेर घ्या. त्या वायरीचा तुकडा बदलून घ्या. भिंतीतल्या वायरीला टेप लावून प्लास्टर करू नका.

प्रश्न : मी शिवणकामासोबत घरी लाकडी खेळण्यांचे काम करते. साडी किंवा ड्रेस घालून ड्रिल वापरताना काय काळजी घ्यावी? हातमोजे घालावेत का? (सावंतवाडी)

उत्तर : ओढणी काढून ठेवा. साडी असेल तर पदर नुसता कमरेला खोचू नका. वाकल्यावर तो सुटतो आणि बरोबर फिरत्या चकवर पडतो. वरून बटणांचा, अंगाबरोबरचा शर्ट किंवा बंद ॲप्रन घाला. वेणी कॉलरच्या आत, केस टोपीखाली. लांब मंगळसूत्र, बांगड्या, मोबाइलची दोरी, सैल बाह्या यांतले काही नको.

ड्रिलला हातमोजे नकोत, विशेषतः विणलेले सुती. बिटला एक धागा लागला की मोजा गुंडाळतो आणि बोट त्यासोबत जाते. ग्राइंडरला हाताबरोबर बसणारे चामड्याचे मोजे चालतात, तिथे ठिणग्यांपासून बचाव हवा असतो. खेळण्याचा लहान तुकडा हातात धरून भोक पाडू नका. बिट पलीकडे निघताना लाकूड पकडतो आणि तुकडा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा आणि खाली टाकाऊ लाकूड ठेवा. भोकाची मागची कडही त्यामुळे स्वच्छ निघते.

प्रश्न : २५ मीटर वायरीचा गुंडाळी बोर्ड आहे. सात इंची, २,००० वॉटचा ग्राइंडर लावला की गुंडाळी गरम होते. बिघाड आहे का? (सातारा)

उत्तर : बिघाड नाही, वायर बारीक आहे. २,००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. तुमची वायर ०.७५ चौरस मिमीची असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर तांब्याचा रोध साधारण १.३ ओहम होतो. म्हणजे वायरीतच सुमारे १०० वॉट उष्णता तयार होते आणि ११ व्होल्ट दाब घटतो. वायर पसरलेली असती तर उष्णता हवेत गेली असती. गुंडाळीत ती आतल्या वेढ्यांत कोंडते, इन्सुलेशन मऊ होते, वेढे एकमेकांना चिकटतात आणि एक दिवस शॉर्ट होते.

पूर्ण वायर उलगडून वापरा, ही आजची सोय. कायमचा उपाय म्हणजे २.५ चौरस मिमीची तीन तारांची तांब्याची केबल आणि १६ अँपिअरचा प्लग-सॉकेट. त्यात उष्णता ३० वॉटवर येते. ६ अँपिअरचे सॉकेट १,३८० वॉटपर्यंतचेच. जाड पिनचा प्लग छोट्या सॉकेटवर ॲडॅप्टर लावून जोडला की ॲडॅप्टर वितळतो. प्लग तुटला म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये आगकाडी खोचून बसवणे तर कधीच नको. तार निसटली की ती जिवंत फेज जमिनीवर लोळते.

केबलला मध्ये जॉइंट नको. फरशी भिजवून काम करत असाल तर बोर्ड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर किंवा खिळ्याला टांगून ठेवा.

प्रश्न : गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे ग्राइंडरने कापायचे आहेत. धूळ फार उडते. रुमाल बांधला तर चालेल का? (संगमेश्वर)

उत्तर : ग्राइंडरने कापू नका. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत सहसा ॲस्बेस्टॉस असतो. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात बसले की निघत नाहीत, आणि त्यातून होणारे कॅन्सर वीस-तीस वर्षांनी उघड होतात. रुमालातून ते आरपार जातात. धूळ अंगणात पसरते, कपड्यांवरून घरात येते.

पत्रा आखूड करण्याऐवजी आडवा जास्त चढवून बसवता येतो का ते आधी पाहा. कापावाच लागला तर घराबाहेर, पाणी मारून पूर्ण ओला करून, हातकरवतीने सावकाश कापा. एफएफपी-३ किंवा पी-१०० मास्क नाकाला घट्ट बसलेला हवा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. ओला चुरा ओलाच गोळा करून जाड पिशवीत बांधा, झाडूने सुका झाडू नका. कपडे वेगळे धुवा.

ग्रॅनाइट आणि टाइल सुकी कापणेही याच कारणासाठी वाईट, त्यात सिलिका असते. पाण्याची धार देत कापा. पाणी आले की आरसीसीबी आलीच, त्याबद्दल वर लिहिले आहे.

प्रश्न : खिडकीची ग्रिल घासताना चष्मा असूनही डोळ्यात कण गेला. दोन दिवसांनी लाली वाढली. घरी काय ठेवावे, काय करावे? (अहिल्यानगर)

उत्तर : दोन दिवस थांबायला नको होते, आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला की त्याभोवती गंजाचे कडे तयार होऊ लागते आणि तेही काढावे लागते. डोळा चोळू नका, कापसाच्या बोळ्याने कण काढू नका. ग्राइंडर चालवताना गेलेला कण असेल तर दुखणे थोडे असले तरी डॉक्टरांना 'ग्राइंडिंग चालू होते' हे स्पष्ट सांगा, कारण वेगवान कण डोळ्याच्या आतही जाऊ शकतो.

नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो. त्यावरून बसणारा, कडा बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल घ्या. कानांसाठी फोमचे बोळे घ्या. ग्राइंडरजवळ आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि तेवढ्या आवाजात बिनसंरक्षण दिवसाला १५ मिनिटे हीच मर्यादा मानतात.

प्रथमोपचाराच्या डबीत निर्जंतुक गॉज, रुंद पट्टी, चिकटपट्टी, कात्री आणि स्वच्छ प्लॅस्टिक पिशव्या ठेवा. खोल जखमेत हळद, कॉफी किंवा चुना भरू नका. डॉक्टरांना ते सगळे खरवडून काढावे लागते. गॉज ठेवून हाताने घट्ट दाबा, हात वर धरा आणि रुग्णालय गाठा. बोट तुटले तर तुकडा किंचित ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बांधा, ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही.

शॉक बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन बंद करा किंवा प्लग ओढा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मोठा झटका बसून बरे वाटू लागले तरी ईसीजी काढून घ्यावा.

प्रश्न : बॅटरीचे १८ व्होल्टचे ड्रिल घेतले आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले तर चालेल का? (चंद्रपूर)

उत्तर : मशीन ठेवा, बॅटरी घरात आणा. लिथियमची बॅटरी साधारण ४० अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि तुमच्याकडे मे महिन्यात शेडमध्ये त्याहून कितीतरी जास्त होते. काम करून गरम झालेली बॅटरीही अर्धा तास गार होऊ द्या, मग चार्जरला लावा. खिळे-स्क्रूच्या डब्यात सुटी टाकू नका, टोके जोडली गेली की आग लागते. फुगलेली, पडून तडा गेलेली बॅटरी चार्ज करू नका. बिट बदलताना बॅटरी काढा. वायर नाही म्हणून हे ड्रिल निर्धोक समजले जाते, पण खटका चुकून दाबला तर तेही हात फिरवते.

प्रश्न : ड्रिलच्या मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतात आणि वास येतो. (परभणी)

उत्तर : बारीक निळ्या ठिणग्या कार्बन ब्रश असलेल्या मोटरमध्ये नेहमीच असतात. मोटरभोवती ठिणग्यांचे पिवळसर गोल कडे दिसले, मशीन अडखळले किंवा जळका वास आला तर थांबा. थिनर, पेट्रोल किंवा गॅस सिलेंडरच्या जवळ तर बारीक ठिणगीचे मशीनही चालवू नका.

प्लग काढून बाजूच्या दोन टोप्या उघडा. ब्रश ५-६ मिमीच उरला असेल किंवा त्यावरच्या खुणेच्या रेषेपर्यंत झिजला असेल तर बदला. दोन्ही एकदम बदला आणि त्याच मॉडेलचे घ्या; जाडी घासून बसवलेला दुसरा ब्रश अडकतो आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो मोटरचा गोल भाग) जाळतो. ब्रश ठीक असूनही वास येत असेल तर आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) गेले आहे, ते दुकानातच दाखवा. नवा जोड बसवल्यावर मशीन पाच-दहा मिनिटे बिनभाराचे चालवा. सुरुवातीला ठिणग्या थोड्या जास्त दिसतील, ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला बसले की कमी होतील.